परातीतला वड

राधाकृष्ण बोऱ्हाडे यांनी नोकरीत साहेबांची स्तुती पुष्कळ केली. अंगाशी आली ती एकदाच, आणि तीही वस्तू नीट न बघता केली म्हणून.

भिंगारच्या छावणीत लष्कराच्या सामानसुमानाची नोंद ठेवणारी एक कचेरी होती. राधाकृष्ण तिथं हेडक्लार्क. साहेब मेजर सोढी. साहेबांच्या टेबलावर फायलींच्या शेजारी चिनी मातीचं एक उथळ तबक असे आणि त्या तबकात वडाचं झाड. रोप नव्हे, चांगलं वयस्कर झाड, खोडाला गाठी, फांद्यांना पारंब्या, बुंध्याशी शेवाळ. फक्त उंची वीतभर. कचेरीतल्या सगळ्यांप्रमाणे राधाकृष्णांचाही समज होता, की हे प्लास्टिकचं आहे आणि साहेबांनी ते दिल्लीहून आणलंय. एकदा सह्या घ्यायला गेले असताना साहेब गप्प गप्प दिसले, तेव्हा काहीतरी गोड बोलावं म्हणून ते म्हणाले,

"काय झाड आहे साहेब! अगदी खऱ्यासारखं!"

मेजर सोढींनी पेन खाली ठेवलं. त्यांचे डोळे भरून आले. ते झाड त्यांनी स्वतःच्या हातानं वाढवलं होतं. बदली होईल तिथं, रेल्वेच्या डब्यात मांडीवर घेऊन हिंडवलं होतं. आणि या विद्येत म्हणे सगळ्यात मोठी दाद हीच, की तबकातलं झाड माळावरच्या खऱ्या झाडासारखं दिसावं. इतक्या वर्षांत ती दाद कुणी दिली नव्हती. ती दिली कोणी, तर पुढच्या टेबलावरच्या हेडक्लार्कनं.

"बोऱ्हाडेजी," साहेब म्हणाले, "आप समझते हैं."

राधाकृष्णांना काहीही समजलेलं नव्हतं. पण साहेब 'समजतं' म्हणत असताना 'नाही' म्हणणं त्यांच्या सेवानियमांत बसत नव्हतं.

पुढं वैशाखात साहेब मेव्हणीच्या लग्नासाठी जालंधरला निघाले. दीड महिन्याची रजा. बंगल्यावरचा ऑर्डर्ली स्वतःच गावी गेलेला. तेव्हा तबक कुणाच्या हाती सोपवायचं, हा प्रश्न साहेबांना पडलाच नाही. त्यांनी ते उचलून राधाकृष्णांच्या हातात दिलं. त्याच सुमारास कचेरीत सुपरिंटेंडेंटची जागा रिकामी होत होती आणि शिफारस साहेबांच्या हातात होती. राधाकृष्णांनी तबक छातीशी धरलं.

"पानी कम भी नहीं, ज्यादा भी नहीं," साहेब म्हणाले.

"म्हणजे किती, साहेब?"

"जितना पेड मांगे."

"मागतं कसं?"

साहेबांनी तबकातल्या मातीत पेराएवढं बोट घातलं, डोळे मिटले आणि एखादा वैद्य नाडी बघतो तसे थोडा वेळ स्तब्ध राहिले. "उंगली से पूछो," ते म्हणाले. "ऊपर की मिट्टी सूखी, तो पानी. गीली, तो बिलकुल नहीं. बच्चे की तरह है."

राधाकृष्णांना तीन मुलं होती. त्यांतल्या एकालाही त्यांनी बोट घालून काही विचारलं नव्हतं.

आता पाणी घालायचं म्हणजे काय, हे सांगायला हवं, कारण तो उन्हाळा साधा नव्हता. आधीच्या वर्षीचा पावसाळा कोरडा गेला होता. नगर जिल्ह्यातली अर्धी माणसं रस्त्याच्या कडेला खडी फोडत होती आणि उरलेली अर्धी अमेरिकेहून आलेल्या मिलो ज्वारीच्या तांबड्या भाकरी खाऊन त्या माणसांची मोजदाद करत होती. भिंगारात नळाला पाणी पहाटे यायचं आणि माणूस डोळे चोळून उठेपर्यंत जायचं. राधाकृष्ण राहत त्या जुन्या दगडी बराकींच्या आळीत नळ एकच, आणि त्या नळावर राज्य गोजरबाईंचं. गोजरबाई आडव्या हाडाच्या, खणखणीत आवाजाच्या. त्यांचे मालक पुंजाराम छावणीच्या बेकरीत पाव भाजायला होते. घरी त्यांना बोलायला संधी नसे, म्हणून ते नुसते खोकत. कोणाचा हंडा कोणाच्या पुढं, कोणाला घागर जास्त, कोणाच्या घरी पाहुणा खरा आणि कोणाच्या घरी पाण्यापुरता, हे सगळं गोजरबाई ठरवत आणि त्यावर अपील नव्हतं.

अशा आळीत राधाकृष्ण टांग्यातून मांडीवर वड घेऊन उतरले.

"अगं बाई," पुष्पावतीबाई दारातच म्हणाल्या. "घरात वड? अहो, वड गावाबाहेर असतो. त्याच्यावर काय काय राहतं, ठाऊक आहे ना?"

"एवढ्याशा झाडावर काय राहणार? राहिलंच तर तेही एवढंसंच असेल."

शेजारी गहिनीनाथ नाना राहत. पाटबंधारे खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले. धरणापासून डोकेदुखीपर्यंत कशावरही ते सल्ला देत आणि कुणी मागायची वाट बघत नसत. ते चष्मा कपाळावर ढकलून झाडाभोवती फिरले.

"याला काय म्हणतात?"

"बोनसाय, नाना."

"साई?" नळाकडून गोजरबाईंनी विचारलं. "साईंचं झाड हाय व्हय ते? पर शिर्डीला तर लिंब हाय. ह्यो वड कंचा साईंचा?"

"साई नाही हो. बोन-साय. जपानी."

"मंग जपानला जाऊन घाला की पानी त्याला," गोजरबाई म्हणाल्या आणि हंडा सरकवला.

हाच खरा मुद्दा होता. राधाकृष्णांनी वडाला खिडकीत बसवलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बोट घातलं. कोरडं. संध्याकाळी बोट घातलं. पुन्हा कोरडं. त्या उन्हात तबकभर माती तव्यासारखी तापायची आणि झाड सारखं मागायचं. घरात माणशी पाणी ठरलेलं, त्यात हे सहावं माणूस, आणि तेही साहेबाच्या घरचं. पुष्पावतीबाईंनी स्पष्टच सांगितलं, की मुलांच्या पिण्यातलं आणि स्वयंपाकातलं थेंबभर मिळणार नाही. राहता राहिलं राधाकृष्णांच्या अंघोळीचं. ते त्यांनी झाडाला दिलं.

माणसानं अंघोळ सोडली, की त्याच्या रुबाबाचं काय होतं, ते हेडक्लार्कच्या खुर्चीत बसल्यावरच कळतं. ओल्या पंच्यानं अंग पुसून ते सायकलवरून कचेरीत जात. दुपारपर्यंत त्यांच्या टेबलापाशी फायली घेऊन येणारे शिपाई फायली लांबूनच सरकवू लागले. एकदा त्यांनी दाढीचं पाणी झाडाला घालायचा विचार केला, पण फेसातून पारंब्या बाहेर आलेल्या त्यांना डोळ्यांपुढं दिसल्या आणि हात आवरला. पुष्पावतीबाईंनी मात्र एक सोय काढली. तबकाच्या बुडातून पाणी झिरपतं आणि वाया जातं, हे बघून त्यांनी तबक पितळेच्या परातीत ठेवलं. परातीत साचलेल्या पाण्यावर लादी पुसून निघे. राधाकृष्णांना ही युक्ती फार आवडली. तिचा पुढं काय उपद्रव होणार होता, याची त्या बिचाऱ्या दोघांना कल्पना नव्हती.

पाणी घालायचं ते चोरून. खिडकीचं एक दार लावून, पाठमोरं उभं राहून, बायको नसताना जास्तीची साखर खावी तसं. पण ज्या आळीत पावाचा वास कोणाच्या घरी गेला हेही कळतं, तिथं तांब्याचा आवाज लपतो होय? गोजरबाईंनी एकदा फटीतून बघितलं आणि दुसऱ्या दिवशी नळावर जाहीर केलं,

"आमी लेकराचं तोंड ओल्या फडक्यानं पुसतो, आन् भाऊसाहेब झाडाला न्हाऊ घालत्यात. तिन्ही त्रिकाळ!"

"एकदाच हो," राधाकृष्ण रांगेतून म्हणाले. "आणि तेही बोटाला विचारून."

"ऐकलं का? बोटाला इचारत्यात. आमाला इचारत न्हाईत."

राधाकृष्णांची जास्तीची घागर बंद झाली. कुणीतरी पुढं जाऊन पाणीवाल्या कचेरीत तक्रारही केली, की अमुक एक गृहस्थ दुष्काळात नळाच्या पाण्यावर वड वाढवीत आहेत. 'वड' एवढंच तोंडी सांगितलं गेल्यामुळं एक दिवस इन्स्पेक्टर आले ते दोन माणसं, एक कुऱ्हाड आणि लांबलचक टेप घेऊन. त्यांनी बराकीच्या छपराकडं पाहिलं. मागं जाऊन परसाकडं पाहिलं. मग दारात येऊन विचारलं,

"वड कुठं आहे?"

राधाकृष्णांनी खिडकीकडं बोट दाखवलं.

इन्स्पेक्टरांनी तबकाच्या मागं वाकून पाहिलं. "एवढाच," ते म्हणाले, "की बाकीचा आत आहे?"

"एवढाच."

दोघा माणसांपैकी कुऱ्हाडवाल्यानं कुऱ्हाड पाठीमागं लपवली. पण नियम तो नियम. इन्स्पेक्टर खाटेवर बसले आणि पुष्पावतीबाईंनी केलेला गुळाचा चहा पीत म्हणाले, "पिण्याचं पाणी बागेला घालायला बंदी आहे."

"ही बाग नव्हे," गहिनीनाथ नाना तेवढ्यात आत येऊन म्हणाले. "एका झाडाला बाग म्हणत नाहीत. बागेला निदान बसायला बाक लागतो."

"मग काय म्हणू? जनावर असतं तर सवलत होती. आजारी माणूस असतं तर होती. देवपूजेला तांब्याभर चालतं. हे कशात बसवू?"

राधाकृष्णांच्या डोळ्यांसमोर सुपरिंटेंडेंटची खुर्ची तरळली. "देवपूजेत बसवा," ते म्हणाले.

"देव आहे का हा?"

"वड म्हटल्यावर देवच की," नाना म्हणाले. नाना आयुष्यभर देवळाच्या बाहेरूनच परत आलेले. पण सरकारी माणसाला अडवायचं म्हटल्यावर ते कोणत्याही धर्माला तयार असत.

राधाकृष्णांनी घाईघाईनं करंडा आणून बुंध्याला कुंकवाचं बोट लावलं. इन्स्पेक्टरांनी कप खाली ठेवला, टोपी काढली, वडाला नमस्कार केला आणि कुऱ्हाड, टेप आणि माणसं घेऊन निघून गेले. राधाकृष्णांना वाटलं, सुटलो.

दारात गोजरबाई उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

संध्याकाळपर्यंत आळीत झालं, की भाऊसाहेबांच्या घरी वडाची स्थापना झाली आहे आणि सरकारी अंमलदार स्वतः टोपी काढून पाया पडून गेला. एरवी ही बातमी दोन दिवसांत विरली असती. पण ज्येष्ठ लागला होता आणि वटपौर्णिमा तोंडावर आली होती. आळीतल्या बायका दरवर्षी परेडच्या मैदानापलीकडच्या मोठ्या वडाला जात. त्या वर्षी त्या वडाभोवती तारेचं कुंपण पडलं होतं आणि आत लष्करी ट्रक उभे होते. पहाऱ्यावरचा शिपाई दक्षिणेकडचा. त्याला ना मराठी कळत होतं, ना सावित्री. बायका त्याच्याशी भांडून परत आल्या आणि सरळ बोऱ्हाड्यांच्या दारात उभ्या राहिल्या.

"भाऊसाहेब," गोजरबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच लोणी होतं. "उद्याच्याला आमी हितं येनार."

"अहो, पण हे झाड माझं नाही. साहेबांचं आहे."

"वड कुनाचा आस्तो व्हय? वड साऱ्यांचा आस्तो."

"आणि केवढंसं आहे ते!"

यावर बायकांत जरा चर्चा झाली. एवढ्याशा वडाकडं सात जन्म मागावेत की नाही, अशी शंका एकीनं काढली. गोजरबाईंनी निकाल दिला. "आमच्या मालकासाठी एवढा वड बास हाय. त्येनला लई मोठा झेपायचा न्हाई."

पलीकडं आपल्या घरात पुंजाराम खोकले.

वटपौर्णिमेच्या सकाळी राधाकृष्णांना त्यांच्याच घरातून बाहेर काढण्यात आलं. खाट उभी करून भिंतीला लावली. खोलीच्या मध्ये पाट, पाटावर परात, परातीत तबक आणि तबकात वड. प्रदक्षिणेला एका बाजूनं धान्याची कोठी आडवी येत होती, तिथं प्रत्येक बाई तिरकी होऊन पुढं सरकत होती. आळीतल्या झाल्या, मग शेजारच्या आळीतल्या आल्या, मग बाजारपेठेतल्या दोघी टांगा करून आल्या. पुष्पावतीबाई दारात उभ्या राहून रांग लावत होत्या, चपला बाजूला करत होत्या, आंबे मोजून घेत होत्या. त्यांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती.

आणि प्रत्येकीच्या हातात पाणी होतं. ज्या बायकांनी महिनाभर राधाकृष्णांच्या तांब्याचा हेवा केला, त्यांनी या दिवसासाठी घरातलं पाणी लपवून ठेवलं होतं. कुणी पंचपात्र, कुणी लोटी, कुणी सरळ तांब्या. हे बघून राधाकृष्णांनी खिडकीत तोंड घातलं.

"अहो, पाणी घालू नका!" ते ओरडले. "आधी बोट घालून बघा! माती ओली असेल तर—"

आतलं सगळं थांबलं. गोजरबाई खिडकीशी आल्या.

"भाऊसाहेब, नवऱ्याच्या आयुष्याचं पानी हाय ह्ये. त्येला बोट घालू?"

"नको," राधाकृष्ण म्हणाले.

"त्येला माप लावता?"

"नाही."

"मंग गप बसा."

ते नानांच्या ओट्यावर जाऊन गप बसले. आत तांब्यांवर तांबे रिकामे होत होते. तबक भरून परातीत सांडलं, परात भरून पाटावर आली. ज्या भिंगारात माणसं पाण्यावाचून वणवण करत होती, तिथं एक झाड गळ्याइतक्या पाण्यात उभं होतं. वरून हळद, कुंकू, फुलं, आणि सूत. प्रत्येकीचं सूत. दुपारी राधाकृष्ण घरात शिरले तेव्हा वड दिसतच नव्हता. परातीत एक पांढरी रिळासारखी वस्तू होती आणि तिच्या टोकाला पाच-सहा पानं मदतीसाठी हात वर केल्यासारखी उभी होती.

"सोडून टाकू का सूत?" त्यांनी बायकोला विचारलं.

"हात लावून बघा," पुष्पावतीबाई म्हणाल्या. "आळी तुम्हाला सोडेल का?"

दोन दिवस काही झालं नाही. मग एक पान पिवळं पडलं. मग एक गळलं. मग घरात बसलं, की मधूनमधून 'टप' असा आवाज येऊ लागला आणि त्या प्रत्येक आवाजाला राधाकृष्ण दचकू लागले. तारखेकडं पाहवत नव्हतं. साहेब यायची वेळ झाली होती.

नानांना बोलावलं. त्यांनी परात पाहिली आणि जुना अधिकार त्यांच्या अंगात आला. "निचरा नाही," ते म्हणाले. "मुळं कुजतायत. कोपरगावकडं उसाच्या जमिनी चिबडल्या त्या अशाच. पाणी दिलं, पाणी दिलं, बाहेर काढायची वाट नाही." त्यांनी पुष्पावतीबाईंच्या केसांतला आकडा मागून घेतला आणि तबकातल्या मातीत एक चर खणायला घेतला. चर खणून झाल्यावर त्याला उपचर काढले. तासाभरात तबकाचा नकाशा एखाद्या तालुक्यासारखा दिसू लागला. पाणी होतं तिथंच होतं.

पण खरी गंमत पुढंच होती. झाड वाळतंय, ही बातमी नळावर पोचली आणि भरलेले हंडे तिथंच राहिले. कुणाच्या तरी डोक्यात आलं, आणि मग सगळ्यांच्याच आलं: नवऱ्यांचं आयुष्य ज्या वडाकडं मागितलं, तो वडच गेला तर?

त्या संध्याकाळी पहिले पुंजाराम आले. बायको बरोबर नसताना त्यांना राधाकृष्णांनी कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

"कसं हाय?" त्यांनी हळूच विचारलं.

"बरं नाही."

"पानं?"

"आज जरा जास्तच गेली."

पुंजाराम कोठीला टेकून खाली बसले. मग आळीतलाच बन्सी आला, मग नाक्यावरचा सायकलवाला, मग बाजारपेठेतल्या बायकांचे दोन मालक, जे बोऱ्हाड्यांना ओळखतही नव्हते. हॉस्पिटलात आजाऱ्याला भेटायला यावं तसे सगळे चपला काढून येत, दबक्या आवाजात चौकशी करत आणि पाटाभोवती बसून राहत. पुष्पावतीबाईंचा गूळ संपत आला.

"माझीनं तर अख्खा तांब्या वतला," बन्सी म्हणाला. त्याचं आणि बायकोचं फारसं जमत नसे. "मी म्हनलं एवढं कशाला? तिचा काय हेतू हुता कुनास ठावं."

नवऱ्यांनी मग झाड हातात घेतलं. तबक परातीतून काढून तिरकं केलं. पाळीपाळीनं हातपंख्यानं वारा घालायचं ठरलं. सायकलवाल्यानं सायकलचा पंप आणून मुळांत हवा भरायचा प्रस्ताव मांडला आणि तो थोड्याच मतांनी पडला. पुंजारामांनी बेकरीच्या भट्टीतली कोमट राख आणून तबकाखाली पसरली, ओल ओढून घेते म्हणून. कुणी थेंबभर पाण्याचं नाव काढलं, तर बाकीचे त्याच्याकडं खुनशी नजरेनं पाहत. पंखा हलवताना पुंजाराम खोकले, की सगळे आधी झाडाकडं बघत, मग पुंजारामांकडं, मग पुन्हा झाडाकडं.

एवढं करूनही शेवटचं पान गळलं. उरलं ते गाठीगाठींचं बोडकं खोड आणि त्याला गुंडाळलेलं सूत. राधाकृष्णांनी मनातल्या मनात सुपरिंटेंडेंटची खुर्ची परत केली. साहेबांना काय सांगायचं, ते त्यांनी आरशासमोर उभं राहून पाठ केलं. पाठ करताना त्यांना स्वतःचीच इतकी दया आली, की दोनदा मध्येच थांबावं लागलं.

तेवढ्यात आळीच्या तोंडाशी जीप थांबली.

मेजर सोढी उतरले. मागून मेमसाहेब. आळीतल्या बायका दारांत आल्या, बायकांमागं नवरे. राधाकृष्ण ताठ उभे राहिले. पाठ केलेलं सगळं त्यांच्या तोंडात आलं आणि तिथंच चिकटलं. त्यांनी नुसता आतल्या बाजूला हात केला.

साहेब आत गेले. पाटापुढं गुडघे टेकून बसले. मग म्हणाले, "कितना पानी दिया?"

"मी नाही दिलं, साहेब," राधाकृष्णांच्या तोंडून कसंबसं आलं. "मी तर अंघोळसुद्धा... म्हणजे माझ्या घरात, माझ्या हलगर्जीपणामुळं... साहेब, चूक माझीच आहे."

"त्येंची न्हाई," गोजरबाई दारातून म्हणाल्या. त्या पदर खोचून पुढं आल्या. जीपचा किंवा खांद्यावरच्या पट्ट्यांचा त्यांच्यावर काही परिणाम दिसला नाही. "ते वरडत हुते, नका घालू म्हून. आमीच घातलं. समद्यांनी."

"और ये धागा?" मेमसाहेबांनी विचारलं.

गोजरबाईंनी आपल्या हिंदीला हात घातला. "मालक के वास्ते. मालक लई दिन जिंदा रहना मंगता. हर बाई का एक धागा. ये इसका, ये उसका, ये मेरा." त्यांनी दारातल्या पुंजारामांकडं बोट दाखवलं. "वो खोकता है ना, वो मेरा."

मेमसाहेब हसल्या नाहीत. दीड वर्षापूर्वीच्या लढाईत साहेब सरहद्दीवर होते आणि कित्येक दिवस त्यांची काही बातमी नव्हती, हे कचेरीत सगळ्यांना माहीत होतं. मेमसाहेब झाडाकडं बघत राहिल्या. मग पुष्पावतीबाईंकडं वळून त्यांनी हळूच विचारलं, "थोडा धागा होगा?"

पुष्पावतीबाईंनी सुताची गुंडी आणून दिली. मेमसाहेबांनी त्या बोडक्या झाडाला फेरे घेतले. गोजरबाई शेजारी उभ्या राहून "आता हिकडून घ्या" असं शिकवत होत्या. साहेब उठून खिडकीकडं तोंड करून उभे राहिले आणि उगीचच टोपी नीट करू लागले.

मग वळून त्यांनी खोडावर नखानं बारीकसं खरवडलं. साल निघाली. खाली हिरवं होतं. त्यांनी वाकून एका गाठीपाशी पाहिलं. तिथं तांबूस टोकाचा, तांदळाच्या दाण्याएवढा कोंब फुटत होता.

"जिंदा है," साहेब म्हणाले.

दारातल्या नवऱ्यांच्या घोळक्यातून एकदमच सुस्कारा निघाला. पुंजाराम तर चक्क मोठ्यानं बोलले. "जिंदा हाय म्हनत्यात!" आणि मग भीतीनं बायकोकडं पाहिलं.

साहेबांनी तबक उचललं नाही. त्यांच्या बदलीचा हुकूम रजेवर असतानाच आला होता, बर्फातल्या ठाण्यावर. तिथं हा वड आठवडाभरही टिकला नसता. झाड कुणाला द्यावं, हा विचार करत ते आले होते. आता विचार करायचं काही उरलं नव्हतं. "इसे यहीं रहने दो," ते म्हणाले. "इतने लोगों का है."

जीपपाशी राधाकृष्णांनी धीर करून विचारलं, "साहेब, ते... शिफारशीचं?"

"वो तो मैं छुट्टी पर जाने से पहले भेज चुका हूँ," साहेब म्हणाले आणि जीप निघून गेली.

राधाकृष्ण आळीच्या तोंडाशी उभे राहिले. म्हणजे त्यांनी पाणी घातलं नसतं, वड आणला नसता, आणलेला पहिल्याच दिवशी मेला असता, तरी काहीच बिघडणार नव्हतं. अख्खा वैशाख आणि अर्धा ज्येष्ठ ते बिनअंघोळीचे हिंडले, ते फुकट. पण आळीत कुणाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. नळावर गोजरबाईंनी जाहीर केलं होतं, की वडासाठी भाऊसाहेबांना घागर जास्त. घरोघर उरलेल्या आंब्यांचं सार शिजत होतं आणि पुंजाराम ओट्यावर बसून बिनधास्त खोकत होते.

संध्याकाळी मुलं बाहेर खेळायला गेल्यावर घरात दोघंच होती. राधाकृष्ण झाडासमोर बसून सुताचे फेरे निरखत होते. मन आता हलकं झालं होतं. जरा लाडात येऊन त्यांनी विचारलं,

"यात तुझं सूत कोणतं गं?"

पुष्पावतीबाई भाकरी थापत होत्या. "माझं कुठलं?"

"म्हणजे?"

"मी कुठं पूजा केली? दिवसभर दारात रांग लावत होते. मागून वेळ मिळाला, पण परातीत बघितलं तर झाड बुडत होतं. म्हटलं, तुमच्या साहेबाचं झाड, त्यात आणखी माझं पाणी कशाला? राहू दे."

राधाकृष्णांनी आळीतले नवरे एकेक आठवले. पुंजाराम. बन्सी, ज्याच्या बायकोचा हेतूही धड नव्हता. नाक्यावरचा सायकलवाला. बाजारपेठेतले दोघं अनोळखी. आता तर मेजर सोढीसुद्धा. सगळ्यांची सोय झाली होती, आणि ती त्यांच्या घरात, त्यांच्या परातीत, त्यांच्या अंघोळीच्या पाण्यावर वाढलेल्या झाडावर.

"म्हणजे अख्ख्या आळीत," ते खोल आवाजात म्हणाले, "मी एकटाच उघड्यावर?"

"आता पुढच्या ज्येष्ठात बघू."

"आणि तोपर्यंत?"

पुष्पावतीबाईंनी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला आणि मान वर न करता म्हणाल्या,

"तोपर्यंत जपून राहा. आणि सायकल जरा हळू चालवत जा."